मॅक्रो चालत नाहीये? आधी पट्टी बघा, मग सेटिंगला हात लावा

नमस्कार. आमच्याकडून एक्सेल शीट बनवून घेतलेल्यांचे सगळ्यात जास्त फोन कशासाठी येतात माहितीये का, तर "बटण दाबतोय पण काहीच होत नाहीये" यासाठी. काल चालत होतं, आज नवीन लॅपटॉपवर टाकलं आणि बंद. किंवा आम्ही मेलवर पाठवलेली नवीन फाइल उघडली तर वर लाल काहीतरी आलं. बऱ्याचदा शीट बिघडलेली नसते, एक्सेलनेच मॅक्रोला, म्हणजे बटणामागच्या प्रोग्रामला, दारात अडवलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते अडवतं ते बरंच आहे, फक्त आपली फाइल ओळखीची आहे हे त्याला एकदा सांगावं लागतं. ते कसं सांगायचं त्यासाठी हे पत्रक.

पण त्याआधी एक विनंती. अशा वेळी शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी हमखास येऊन सांगतो की सेटिंगमधे जा, "इनेबल ऑल" करून टाक, विषय संपला. प्लीज ते करू नका. त्याने आमची शीट चालेल हे खरं, पण उद्या कुठलीही फाइल, कोणीही पाठवलेली, न विचारता चालेल. मॅक्रो म्हणजे शेवटी प्रोग्रामच, तुमच्या लॉगिनला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं, फाइली वाचणं, उडवणं, नेटवरून काहीतरी उतरवून घेणं, मेल पाठवणं. १९९९ मधे मेलिसा नावाचा व्हायरस आला होता तो असाच, वर्डच्या फाइलीतला मॅक्रो, फाइल उघडली की आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच मेल व्हायचा. म्हणजे लोकांना ती फाइल अनोळखी माणसाकडून नाही, ओळखीच्याच नावाने येत होती. एक्सेल आज एवढं संशयी का वागतं ते यावरून कळेल.

तर आता कामाचं.

सगळ्यात आधी फाइलचं शेपूट बघा, म्हणजे नावापुढचं एक्सटेन्शन. आमची फाइल एक्सएलएसएम असते, शेवटी एम. तुमच्याकडे ती एक्सएलएसएक्स झाली असेल तर मॅक्रो त्यात उरलेलेच नाहीत, कारण त्या प्रकारात मॅक्रो बसतच नाहीत, मग सेटिंग किती पण बदला. विंडोज बऱ्याचदा हे शेपूट लपवून ठेवतं, फोल्डरच्या व्ह्यू मेनूमधे फाइल नेम एक्सटेन्शन्सवर टिक केली की दिसायला लागतं. एक्सएलएसएमची एक्सएलएसएक्स होते कशी, तर कोणीतरी "सेव्ह अॅज" करून नेहमीचा एक्सेल वर्कबुक प्रकार निवडतो, एक्सेल तेव्हा विचारतं सुद्धा की यातला व्हीबी प्रोजेक्ट (म्हणजे मॅक्रोचा कोड) सेव्ह होणार नाही, चालेल का, आणि आपण सवयीने "येस" दाबतो. इथे येस म्हणजे मॅक्रो टाकून द्या असा अर्थ होतो, नो दाबायचं असतं. गंमत म्हणजे त्यानंतर फाइल बंद करेपर्यंत बटणं व्यवस्थित चालत राहतात, दुसऱ्या दिवशी उघडल्यावर सगळं गायब, आणि मग आम्हाला फोन येतो की आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप झालं. अशा वेळी जुनी एक्सएलएसएम प्रत शोधा, नसेल तर आमच्याकडे मागा, आम्ही ठेवलेली असते. फक्त त्यात तुम्ही नंतर भरलेले आकडे नसतील, ते कॉपी करून घ्यावे लागतील.

शेपूट बरोबर असेल तर फाइल उघडा आणि मेनूच्या खाली पट्टी कुठली येते ते बघा.

पिवळी पट्टी आली तर प्रश्न सोपा आहे. पिवळ्यामधे पण दोन येऊ शकतात आणि तिथेच लोक गोंधळतात. पहिली प्रोटेक्टेड व्ह्यूची, तिच्यावर "इनेबल एडिटिंग" असतं, ते दाबल्यावर दुसरी येते, तिच्यावर "इनेबल कंटेंट" असतं. पहिली दाबून थांबलात तर शीटमधे लिहिता येईल पण बटणं मुकीच. दोन्ही दाबायच्या. एकदा इनेबल कंटेंट दाबलं की त्या कॉम्प्युटरवर ती फाइल सहसा परत विचारत नाही, पण फाइलचं नाव बदललं किंवा दुसऱ्या फोल्डरमधे हलवली तर परत विचारेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि चुकून फुलीवर क्लिक करून पट्टी घालवली असेल तर फाइल बंद करून परत उघडा, येते.

लाल पट्टी आली, त्यावर सिक्युरिटी रिस्क आणि मायक्रोसॉफ्टने मॅक्रो ब्लॉक केलेत असं लिहिलंय आणि बाजूला फक्त "लर्न मोर" आहे, तर मात्र इनेबलचं बटण शोधत बसू नका, ते मुद्दामच ठेवलेलं नाही. हा प्रकार २०२२ पासूनचा. त्या वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो सरळ ब्लॉक करणार, जुलैमधे थोडे दिवस मागे घेतलं, आणि त्याच महिन्यात परत चालू केलं. त्यामुळे आधी बिनतक्रार चालणाऱ्या शीट्सची नवीन प्रत आली की अचानक अडायला लागली आणि त्या काळात आमचा फोन खाली ठेवायला वेळ नव्हता. हे फक्त विंडोजवर होतं, मॅकवर नाही.

होतं काय ते जरा समजून घ्या म्हणजे उपाय लक्षात राहील. मेलमधून किंवा ब्राउझरमधून फाइल उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, ही बाहेरून आलीये म्हणून. फाइलच्या आत नाही, डिस्कवर फाइलसोबत. एक्सेल ती चिठ्ठी वाचतं आणि लाल पट्टी दाखवतं. म्हणजे चिठ्ठी काढली की झालं. फाइल आधी सेव्ह करून बंद करा, फोल्डरमधे तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरलचा टॅब, एकदम खाली सिक्युरिटीच्या पुढे "अनब्लॉक" असा चौकोन असतो, त्यात टिक, ओके, आणि फाइल परत उघडा. मेलमधूनच थेट उघडली असेल तर आधी नीट एखाद्या फोल्डरमधे सेव्ह करा, नाहीतर प्रॉपर्टीज बघणार कशाची.

झिप पाठवली असेल तर अनब्लॉक झिपलाच करायचं, उघडायच्या आधी. नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलवर चिठ्ठी उतरते आणि एकेक करत बसावं लागतं. हे आम्ही सुरुवातीला सांगायला विसरलो होतो आणि एका ग्राहकाने बिचाऱ्याने महिन्यावारी बनवलेल्या बाराच्या बारा फाइली एकेक करून अनब्लॉक केल्या आणि मग शांतपणे फोन करून विचारलं की याला काही सोपा मार्ग आहे का.

अनब्लॉकचा चौकोन दिसतच नाहीये? मग एकतर चिठ्ठी नाहीच, किंवा फाइल ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर आहे, तिथे विंडोज ड्राइव्हचा पत्ता बघून ठरवतं की हे आतलं का बाहेरचं. आपल्या डिस्कवर कॉपी करून परत बघा. जाता जाता एक, पेन ड्राइव्हवरून आणलेल्या फाइलीला ही चिठ्ठी बऱ्याचदा नसते, कारण बहुतेक पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटमधे ती टिकतच नाही. म्हणून एकीकडे लाल आणि दुसरीकडे पिवळी असं होऊ शकतं, फाइल एकच असली तरी.

पट्टी आलीच नाही, ना पिवळी ना लाल, आणि बटणही चालत नाही, तर सेटिंग बघायची वेळ आली. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज. तिथे चार पर्याय दिसतील. पहिला न सांगता बंद करतो, तोच लागलेला असणार. दुसरा, "विथ नोटिफिकेशन"वाला निवडा, बंद ठेवतो पण पट्टी दाखवून विचारतो, एक्सेल मुळात त्याच्यावरच सेट होऊन येतं. तिसऱ्यात फक्त डिजिटल सही असलेलेच चालतात. चौथा म्हणजे ते "इनेबल ऑल", त्याबद्दल वर बोललोय. बदल केल्यावर एक्सेलच्या सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा, नुसती एक फाइल बंद करून काही जणांचं होत नाही. आणि हे सेटिंग फाइलमधे नसतं, त्या कॉम्प्युटरवरच्या त्या लॉगिनचं असतं, म्हणून नवीन लॅपटॉप घेतला की परत पहिल्यापासून.

पर्याय करडे दिसतायत, क्लिकच होत नाही? मग तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांनी ते वरून लॉक केलंय. तिथे आम्ही काही करू शकत नाही आणि तुम्ही पण व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मुळातल्या सेटिंगमधे, शिरू नका. आयटीला सांगा, त्यांना सही असलेली फाइल हवी असेल तर आम्ही सही करून देतो, ते आमचं सर्टिफिकेट ट्रस्टेड पब्लिशरमधे टाकतील. मग मात्र कोडमधे कोणी एक ओळ जरी बदलली तरी सही मोडते हे लक्षात असू द्या.

ज्यांना आमच्याकडून वरचेवर नवीन फाइल जाते त्यांनी हा सगळा खटाटोप दरवेळी करू नका, एक वेगळा फोल्डर करा आणि तो ट्रस्टेड लोकेशन म्हणून नोंदवा. त्याच ट्रस्ट सेंटरमधे ट्रस्टेड लोकेशन्स, मग अॅड न्यू लोकेशन, फोल्डर निवडा, आतले फोल्डर पण हवे असतील तर खालची टिक करा. त्या फोल्डरमधली फाइल काही न विचारता चालते, लाल पट्टी पण येत नाही. पण म्हणूनच डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप अजिबात नोंदवू नका, तिथे काय काय येऊन पडतं ते आपल्यालाच माहीत नसतं. फक्त आमच्याच फाइली ठेवायचा फोल्डर हवा, आणि शक्यतो आपल्या डिस्कवर, नेटवर्कवर नको.

आता मॅक्रो इनेबल आहेत तरी बटण दाबल्यावर "मॅक्रो रन होऊ शकत नाही, वर्कबुकमधे उपलब्ध नसेल किंवा मॅक्रो बंद असतील" अशा अर्थाचं येतंय, तर त्यातला पहिला भाग नीट वाचा, तिथे फाइलचं नाव लिहिलेलं असतं. ते नाव तुमच्या आत्ताच्या फाइलचं नसून जुन्या कुठल्या तरी फाइलचं असेल तर बटण अजून तिकडेच जोडलेलं आहे, एका फाइलीतून दुसरीत शीट कॉपी केली की होतं हे. बटणावर राइट क्लिक, असाइन मॅक्रो, आणि यादीतून याच फाइलचा मॅक्रो निवडा. आणि बटणं चालतायत पण आकडा टाकल्यावर आपोआप होणारं काम बंद पडलंय असं असेल तर आधी एक्सेल पूर्ण बंद करून उघडा, मधेच एरर येऊन मॅक्रो अर्धवट थांबला की कधीकधी ती आपोआपची सोय बंद राहते, नव्याने उघडल्यावर चालू होते. चौसष्ट बिटबद्दल काही मेसेज आला तर ते सुरक्षेचं नाही, कोड जुना आहे, फाइल आमच्याकडे पाठवा.

लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांसाठी: टूल्स, ऑप्शन्स, लिब्रे ऑफिसच्या खाली सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी. मुळात "हाय"वर असतं, त्यात सही नसलेले मॅक्रो चालत नाहीत. "मीडियम" केलं की विचारतं, फाइल बंद करून परत उघडा. तिथे पण ट्रस्टेड सोर्सेसमधे फोल्डर नोंदवता येतो. मात्र एक्सेलसाठी लिहिलेला प्रत्येक मॅक्रो तिकडे तसाच चालेल असं नाही. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलवर तर आमची फाइल उघडेल, आकडे दिसतील, बटणं चालणार नाहीत, तिथे सेटिंग शोधू नका.

एवढं करून अडलं तर फोन करायच्या आधी एक्सेलच्या पूर्ण खिडकीचा फोटो पाठवा, वरच्या पट्टीसकट, फक्त एररचा तुकडा कापून नको. सोबत फाइलचं पूर्ण नाव आणि ती कशी आली, मेलने का पेन ड्राइव्हने, एवढं लिहा.

आणि आमच्या नावाने न मागितलेली फाइल आली तर काहीच इनेबल न करता आधी आमच्या नेहमीच्या नंबरवर विचारा, त्या मेलमधे दिलेल्या नंबरवर नाही. आमची शीट मॅक्रो बंद असताना पण भरलेले आकडे दाखवते, "मजकूर दिसण्यासाठी इनेबल कंटेंट दाबा" असं चित्र आम्ही कधीच टाकत नाही. तसं चित्र दिसलं तर ती फाइल आमची नाही.