राज्य पुरस्काराचा फॉर्म परत का येतो? स्काऊट-गाईडचे सोपान, बॅज आणि कागदपत्रं

दरवर्षी राज्य पुरस्काराचे फॉर्म भरायचे दिवस आले की माझा फोन सुरू होतो, कधी यावलहून, कधी साक्रीहून, कधी शहाद्याहून, आणि प्रश्न एकच असतो, सर फॉर्म परत आला आता काय करू. मी स्वतः शाळेत स्काऊटचं पथक चालवतो आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसलीय, की पोरांना येत नाही म्हणून फॉर्म क्वचितच परत येतो, तो परत येतो तारखांमुळे. म्हणून तारखांवरच जास्त लिहितोय, बाकीचं थोडक्यात.

आधी सोपान म्हणजे पायऱ्या बघा. लहान मुलांचं कब-बुलबुल वेगळं, ते गोल्डन ॲरो पुरस्कारापर्यंत जातं, पण कब नव्हता म्हणून स्काऊट होता येत नाही असं काही नाही. १० वर्षं पूर्ण झाली की स्काऊट किंवा गाईड होता येतं. मग प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सुरुवातीचे सोपान आपल्या पथकातच स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन तपासतात, तृतीय सोपानला जिल्ह्याचं चाचणी शिबिर असतं, राज्य पुरस्काराची चाचणी राज्य संस्था घेते आणि राष्ट्रपती पुरस्काराची राष्ट्रीय पातळीवर होते. मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, पोरगा कितीही हुशार असो.

आता गाडी अडते ती इथे. प्रत्येक पायरीला किमान काळ आहे. प्रवेशाआधी साधारण ३ महिने पथकात यायचं, प्रथमला ६ महिने, द्वितीयला ९, तृतीयला ९. बेरीज करा, २७ महिने झाले, आणि तृतीय झाल्यावर राज्य पुरस्काराला पुन्हा थांबावं लागतंच. म्हणजे सहावीच्या जूनला पोरगं पथकात आलं तर तृतीय सोपान व्हायला आठवीचा सप्टेंबर उजाडतो, आणि राज्य पुरस्कार नववीत. आपल्याकडे काय होतं, नववीत कोणीतरी सांगतं की दहावीला सवलतीचे गुण मिळतात, मग पालक धावत येतात, सर आमच्या पोराला पण घ्या. नववीत सुरू केलेल्या मुलाला दहावीपर्यंत राज्य पुरस्कार मिळूच शकत नाही, हे तोंडावर सांगताना मला फार वाईट वाटतं पण खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं. आणि गुणांच्या प्रस्तावाला प्रमाणपत्र जोडावं लागतं, शिबिराला जाऊन आलो एवढ्यावर भागत नाही.

दुसरी गोष्ट, महिने मोजायचे ते मागची पायरी ज्या दिवशी पास झाली त्या दिवसापासून. शाळा सुरू झाल्यापासून नाही, फॉर्म भरल्यापासून तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी एका गाईडचा फॉर्म परत आला, द्वितीय आणि तृतीयच्या तारखांमध्ये ९ महिन्यांना ८ दिवस कमी पडत होते. पोरगी अशी की डोळे मिटून बोलाइन गाठ मारायची, क्लोव्ह हिच तर बोलता बोलता. प्रत्यक्षात द्वितीय तिने बरंच आधी पूर्ण केलं होतं, पण त्या दिवशी कोणी लिहिलंच नाही, महिनाभराने आठवण झाली तेव्हा त्या दिवसाची तारीख टाकली. तिची आई शाळेत आली आणि अहिराणीत म्हणाली, "सर, मनी पोरले समदं येस, मंग कागद का बरं वापस उना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ८ दिवसांसाठी त्या पोरीचं वर्ष गेलं. नियम माणसांसाठी असतात, निदान अशा ठिकाणी पथकाचं हजेरीपत्रक मागवून खात्री करायला काय हरकत होती असं मला आजही वाटतं.

म्हणून जो कागद कोणाकडेच नसतो तो म्हणजे प्रवेशाची म्हणजे दीक्षाविधीची नोंद. पोराला स्कार्फ घातला, वचन म्हणवून घेतलं, डाव्या हाताने हस्तांदोलन झालं, फोटो काढले, सगळं झालं, फक्त वहीत तारीख आणि सही राहिली. अहो तीच तर सगळ्याची मुळी आहे, पुढच्या महिन्यांची मोजणी तिथूनच सुरू होते! दीक्षाविधी झाला की त्याच दिवशी, मैदानावरच, मुलाच्या नोंदवहीत आणि पथकाच्या रजिस्टरला दोन्हीकडे लिहा.

नोंदवहीचंही सांगतो. तपासणारे वही उघडतात आणि पहिल्याच मिनिटात त्यांना कळतं. अडीच वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या, एकही पान दुमडलेलं नाही, तर ती वही शिबिराच्या आदल्या रात्री लिहिली हे सांगावं लागत नाही. खरी वही कशी असते, कुठे हळदीचा डाग, कुठे पावसाने शाई पसरलेली, मध्येच पेन्सिलने काढलेला मार्गखुणांचा नकाशा. एका पोराने बिनभांड्याच्या स्वयंपाकाचं पान लिहिलं होतं, शेतातल्या पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं पेटवून भरताची वांगी कशी भाजली, पऱ्हाटी भडकन पेटते म्हणून वांगं सारखं फिरवावं लागतं, देठाकडचा भाग शेवटी शिजतो, आणि त्या पानाला धुराचा वास येत होता. त्याला तोंडी परीक्षेत फारसं काही विचारलंच नाही. आपल्या खान्देशातल्या पोरांना हे घरचंच आहे, फक्त लिहायची सवय लावा, वही सजवत बसू नका.

बॅजचं. प्रावीण्य बॅज म्हणजे एकेका कौशल्याचे बिल्ले, ते मनाला येईल ते घेऊन चालत नाही, सोपानाप्रमाणे गट दिलेले असतात आणि त्या त्या गटातून निवडायचे असतात. पोरं काय करतात, सोपे वाटले म्हणून एकाच गटातले तीन करून टाकतात आणि दुसरा गट कोरा. सुरुवातीलाच अभ्यासक्रम बघून कोणता बॅज कुठल्या सोपानात मोजला जाणार ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. प्रत्येक बॅजचं प्रमाणपत्र, त्यावर परीक्षकाची सही आणि तारीख पाहिजे. परीक्षक जिल्हा संस्थेला मान्य असलेला पाहिजे, सगळ्या बॅजवर एकाच सरांची सही दिसली की शंका येते. आणि बॅजची तारीख सोपानाच्या तारखेच्या नंतरची नको, ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय.

कागदपत्रं तशी सरळ आहेत. भरलेला फॉर्म, बोनाफाईड, गणवेशातला फोटो, पालकांचं संमतीपत्र, तृतीय सोपानच्या प्रमाणपत्राची प्रत, बॅजची प्रमाणपत्रं, नोंदवही. गणवेशातला म्हणजे पूर्ण गणवेशातला, शाळेच्या ड्रेसवर स्कार्फ अडकवून काढलेला नाही. याशिवाय पथकाची चालू वर्षाची नोंदणी लागते, ती मुलाच्या हातात नसते, ती शाळेची जबाबदारी. नोंदणीचं नूतनीकरण एक वर्ष जरी राहिलं तरी त्या वर्षाच्या कामाचं काय असा प्रश्न निघतो आणि भोगतं पोरगं. मुख्याध्यापकांनी कृपा करून जूनमध्येच फी भरून पावती फाईलला लावावी. स्काऊट मास्तरांचं प्रशिक्षण झालेलं आहे का हेही बघतात, बदली होऊन नवीन सर आले असतील तर आधी त्यांचा बेसिक कोर्स करून घ्या.

जन्मतारखेचा घोळ आपल्याकडे फार. शाळेच्या जनरल रजिस्टरला १ जून, आधारवर १ जानेवारी, घरात विचारलं तर पोळ्याच्या आसपास. बोनाफाईड जनरल रजिस्टरवरूनच निघतं, त्यामुळे तीच तारीख सगळीकडे पाहिजे आणि आधार त्याप्रमाणे आधी दुरुस्त करून घ्या, फॉर्म भरायच्या आठवड्यात नाही, दोन-तीन महिने आधी. नावाचंही तसंच. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेतल्या पोरांच्या बापाचं नाव दोन कागदांवर दोन प्रकारे असतं, कधी आडनाव एकावर आहे एकावर नाही. ऑनलाइन नोंदणीत जे स्पेलिंग गेलं तेच पुढे प्रमाणपत्रावर येतं, म्हणून ते बटण दाबण्याआधी बोनाफाईड शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर बघा.

याच भागातली अजून एक अडचण, दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि काही पोरं सोबत जातात, होळीला परत येतात. मधल्या महिन्यांत ती पथकात नसतात. तिथे खोट्या हजेऱ्या लावू नका, मुलाच्याच अंगाशी येतं ते. खंड स्पष्ट लिहा आणि चाचणीची तारीख तेवढी पुढे घ्या. सहावीऐवजी पाचवीत घेतलं तर हे महिने सहज भरून निघतात.

शेवटच्या तारखेबद्दल. परिपत्रकात बऱ्याचदा दोन तारखा असतात, एक शाळेने जिल्हा कार्यालयात द्यायची आणि एक जिल्ह्याने राज्य कार्यालयाला पाठवायची. आपले लोक मोठी तारीख वाचतात आणि निवांत राहतात. तुमची तारीख पहिली. त्यातही स्काऊटचे फॉर्म आणि गाईडचे फॉर्म वेगळ्या संघटकांकडे जातात, एकाच पाकिटात घालून दिले की अर्धे टेबलावरच राहतात.

आणि फॉर्म परत आलाच तर रडत बसू नका, शेरा काय लिहिलाय तो वाचा. नुसतं "अपूर्ण" लिहिलं असेल तर काय अपूर्ण ते लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे आणि जिल्हा कार्यालयाने ते सांगायलाच पाहिजे. व्हाइटनर लावून तारीख बदलू नका, त्याने साधी त्रुटी होती तिचा बनावट कागद होतो. चूक असेल तिथे एक रेघ मारून बरोबर तारीख लिहायची, शेजारी सही, आणि आधार म्हणून त्या दिवसाचं पथकाचं हजेरीपत्रक जोडायचं. जाताना मूळ वही आणि रजिस्टर दोन्ही घेऊन जा, झेरॉक्सवर परत पाठवतात, आणि जमलं तर पोराला सोबत न्या, गणवेशात.