अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल

पुढील वाहनापासूनचे अंतर मोजून गाडीचा वेग आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा. ठरवलेला वेग कायम राखणारे साधे क्रूझ कंट्रोल हे तिचे पूर्वरूप. ते राल्फ टीटर या दृष्टिहीन अमेरिकन अभियंत्याने विकसित केले व १९५८ च्या सुमारास क्रायस्लरच्या इम्पीरिअल गाडीत आले.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल असलेली पहिली गाडी कोणती, याविषयी मतभेद आहेत. मित्सुबिशीच्या डेबोनेअरमध्ये (१९९२) लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे साधन) होता. पण तो चालकाला केवळ सावध करी. त्याच कंपनीच्या डायमान्टेत (१९९५) लेझरच्या साहाय्याने थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी झडप) व गिअर नियंत्रित होत, ब्रेक मात्र नव्हे. रडार आणि ब्रेक यांची सांगड मर्सिडीझच्या एस-क्लासमधील डिस्ट्रॉनिकने (१९९८-९९) घातली. वेगावर प्रत्यक्ष नियंत्रण ही कसोटी धरल्यास डायमान्टेचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

लेझरचे किरण धुके व मुसळधार पावसात विखुरतात. पावसाळ्यातील इगतपुरी परिसरात ही उणीव सहज जाणवावी. ७७ गिगाहर्ट्झ रडारची तरंगलांबी सुमारे ४ मिमी. असल्याने त्याच्यावर हवामानाचा परिणाम कमी होतो. शिवाय डॉप्लर परिणामामुळे (हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलामुळे) सापेक्ष वेग थेट मिळतो. मात्र कमानी, फलक यांवरून परतणाऱ्या रडारलहरींमुळे होणारी गफलत टाळण्यासाठी आरंभीच्या यंत्रणा स्थिर वस्तू बहुधा वगळत. रस्त्याकडेला बंद पडलेली कांद्याची ट्रॉली अशा वेळी धोक्याची ठरते. कसारा घाटासारख्या वळणांवर पुढची गाडी रडारच्या टप्प्याबाहेर गेल्यास यंत्रणा मोकळा रस्ता समजून वेग वाढवू शकते.

आलिशान गाड्यांची विश्वासार्हता इंजिन व गिअरबॉक्सवरून जोखण्याची जुनी रीत या यंत्रणेमुळे अपुरी पडली. रडारची दिशा आडवी १ अंशाने चुकली, तरी १०० मी. अंतरावर सुमारे १.७५ मी. फरक पडतो, म्हणजे ३.५ मी. रुंदीची अर्धी लेन. त्यामुळे रडारलगतच्या बंपरच्या किरकोळ दुरुस्तीनंतरही कॅलिब्रेशन (रडारच्या दिशेची अचूक जुळणी) तपासणे अगत्याचे असते. काम नीट झाले की नाही, हे मालकाला वरवर पाहून कळत नाही. ही या तंत्राची सर्वांत गंभीर बाजू होय.

भारतात ही सोय प्रारंभी महागड्या गाड्यांपुरती होती. महिंद्राच्या नाशिक प्रकल्पात तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ३एक्सओच्या (२०२४) वरच्या श्रेणींत ती उपलब्ध आहे.