मशरू घेताना हे जाणून घ्या

मशरूचा तागा उलगडला की हमखास विचारलं जातं, "प्युअर सिल्क आहे ना?" नाही. आणि ते तसं नसावं म्हणूनच हे कापड विणलं जाऊ लागलं.

'मशरू' हा अरबी शब्द, 'शरियत' ज्या मुळातून आला त्याच मुळातला. अर्थ, धर्माने मान्य केलेलं. इस्लामी परंपरेत पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य मानलं जातं. त्यावर विणकरांनी सुरेख तोड काढली. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा आणि वीण सॅटीनची. रेशमाचा धागा सहसा सात सुती धाग्यांवरून जातो आणि आठव्याखाली दबतो. त्यामुळे वर रेशमाची झळाळी, आत अंगाला सूत. कापड उलटं करून बघा, मागची बाजू साधीसुधी, मऊ दिसेल. घाम टिपणारं हे कापड मग इतरांनीही आपलंसं केलं. कच्छमधल्या रबारी आणि अहिर बायकांच्या पोशाखात ते आजही आहे.

संभाजीनगरचा हिमरू यापेक्षा वेगळा. त्यातही सूत-रेशीम एकत्र असतं, पण तिथे सुती पोतावर रेशमाची नक्षी उठवलेली असते.

आजचा मशरू मुख्यतः गुजरातेत, पाटण आणि मांडवी भागात विणला जातो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मशरूत आता रेशमाच्या जागी रेयॉन असतं. वीण तीच असल्याने त्यालाही मशरू म्हणायला आमची हरकत नाही. मात्र रेयॉनला रेशमाचा भाव लावणं आम्हाला पटत नाही, म्हणून धागा कोणता ते आम्ही बिलावर लिहून देतो. शंका असल्यास काठाचा एक उभा धागा काढून जपून जाळून पाहा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, रेयॉनला कागदासारखा.

वरचे धागे मोकळे तरंगत असल्याने बांगडी किंवा अंगठीत अडकून ओढले जातात. सुटलेला धागा कापू नका, बारीक सुईने उलट बाजूला घ्या. पहिल्यांदा गार पाण्यात, रिठ्याने, वेगळं धुवा. पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री उलट बाजूने, मध्यम आचेवर. ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याला सुलट बाजू दाखवून द्या, आणि कापड थोडं जास्त घ्या, कारण कापलेल्या कडा लवकर उसवतात.