टॉप हॅमर की डीटीएच? ठोका कुठे बसतो, त्यावर झीज ठरते

सिन्नरकडे किंवा दिंडोरीकडे एखाद्या खडीच्या खाणीत क्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारं भोक पाडायचं यंत्र, उभा असतो. मागे कंप्रेसर, मास्टवर म्हणजे उभ्या खांबावर फिरणारा पाइप, भोकातून उडणारी करडी भुकटी. लांबून बघणाऱ्याला असे सगळे क्रॉलर सारखेच वाटतात. पण एकाचा हातोडा वर मास्टवर बसवलेला असतो, तर दुसऱ्याचा जमिनीखाली, थेट बिटाच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकाच्या डोक्यावर. पहिला टॉप हॅमर, दुसरा डीटीएच, म्हणजे डाउन द होल. दोन्ही ठोकून दगड फोडतात, दोन्ही फिरतात, दोन्हींच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची बटणं असतात. म्हणूनच एकाचे नियम सर्रास दुसऱ्याला लावले जातात आणि चांगलं बिट वेळेआधी भंगारात जातं.

ओळखायची खूण म्हणजे आवाज. टॉप हॅमरचा खणखणाट भोक कितीही खोल गेलं तरी मास्टवरूनच येत राहतो. डीटीएच सुरुवातीला कान फोडतो, पण काही मीटर खाली गेला की त्याचा आवाज दबतो आणि वर फक्त फिरवणारी मोटर व हवेचा झोत ऐकू येतो. आपल्याकडे विंधन विहीर घेणारी बोअरची गाडी जवळजवळ नेहमी डीटीएचची असते. विहिरीच्या तळात सुरुंगाची भोकं पाडणारा, ट्रॅक्टर कंप्रेसरवर चालणारा जॅकहॅमर मात्र टॉप हॅमरच्या जातीचा. तो मोठ्या यंत्रावर न बसवता दोन माणसं हाताने धरतात, एवढाच फरक.

ठोक्याचा प्रवास

टॉप हॅमरमध्ये पिस्टन शँक अडॅप्टरवर, म्हणजे रॉडच्या वरच्या जोडदांड्यावर आदळतो. त्या आघाताची दाबाची लाट पोलादातून सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने रॉडमधून खाली जाते, बिटापाशी पोचते आणि बटण दगडात रुततं. वाटेतल्या प्रत्येक कपलिंगपाशी, म्हणजे दोन रॉडांच्या आट्यांच्या सांध्यापाशी, थोडी ऊर्जा गळते. दर सांध्याला साधारण ५ टक्के घट धरली, तर १० सांध्यांनंतर मूळ ठोक्याचा ६० टक्केच भाग बिटाला मिळतो. उरलेला उष्णता बनून आट्यांमध्येच राहतो. त्यामुळे टॉप हॅमर २० मीटरच्या आतल्या बाकासाठी (खाणीतल्या पायरीसाठी) उत्तम, पुढे मंद. शिवाय बारीक रॉड लवचीक असल्याने भोक वाकडं जाण्याची शक्यता खोलीबरोबर वाढते.

डीटीएचचा पिस्टन थेट बिटाच्या शँकवर (मागच्या दांड्यावर) पडतो. मधले पाइप ठोका वाहून नेत नाहीत. ते फक्त फिरवतात, हवा पोचवतात आणि वजन देतात. म्हणून १० मीटरवर जो ठोका तोच १५० मीटरवरही, हवेचा दाब पुरला तर. हा ‘तर’ बोअरमध्ये फार मोलाचा आहे. पाणी लागलं की पाइप जोडण्याच्या वेळेत ते भोकात चढतं, आणि दर १० मीटर पाण्याच्या उंचीला हॅमरच्या तोंडावर सुमारे १ बार उलटा दाब येतो. ७० मीटर पाणी साचलं तर सुरुवातीलाच ७ बार, म्हणजे १०० पीएसआय दाब त्यात जातो. पिस्टन थंडावतो, आणि हॅमर बिघडला असं समजून तो वर काढला जातो. खरं तर आधी भोक थोडं थोडं उपसून मग खाली टेकवायला हवं.

हवेचा हिशेब डीटीएचमध्ये दुहेरी आहे, कारण पिस्टन चालवून बाहेर पडलेली हवाच चुरा वर आणते. पाइप आणि भोकाची भिंत यांच्यामधल्या फटीत हवेचा वेग सेकंदाला किमान १५ मीटर हवा. १६५ मिमीचं म्हणजे साडेसहा इंची भोक आणि ८९ मिमीचा पाइप असेल, तर फटीचं क्षेत्रफळ ०.०१५ चौरस मीटर येतं आणि हवा लागते सुमारे ४८० सीएफएम (मिनिटाला घनफूट). तोच पाइप ११४ मिमीचा केला तर ३५५ सीएफएममध्ये भागतं. वेग कमी पडला की चुरा परत खाली बसतो, बिट तोच चुरा पुन्हा पुन्हा दळत बसतं. वेग ३० मीटरच्या फार पुढे गेला तर चुऱ्याचा झोत हॅमरची बाहेरची नळी आणि पाइप घासून काढतो.

हवेत ठोकणं

दोघांमधला सगळ्यात महाग फरक हा आहे. टॉप हॅमरचं बिट दगडाला टेकलेलं नसताना पिस्टन चालू राहिला, तर दाबाची लाट मोकळ्या टोकावरून उलटते आणि ताणाची लाट होऊन रॉडमध्ये परत येते. पोलाद दाब सोसतं, पण वारंवार आलेला ताण आट्याच्या मुळाशी भेग उघडतो. रॉड अगदी नवा असूनही आट्यातून सरळ तुटतो आणि तुटल्या जागी लाटांसारख्या वळ्या दिसतात, ती हीच गोष्ट. रॉडच्या पोलादाला बोल लावण्याआधी फीडचा, म्हणजे बिट दगडावर दाबून धरणाऱ्या जोराचा, दाब तपासावा. फीड कमी असलं की आटे सैल पडतात, कपलिंग हाताला चटका लागेल इतकं तापतं आणि आट्यांवर खड्डे पडतात.

डीटीएच मात्र उचलला की बिट चकमध्ये (बिट धरून फिरवणाऱ्या दातेरी नळीत) थोडं खाली सरकतं, हवेची वाट बदलते आणि पिस्टन थांबतो. उरते नुसती फुंकण. म्हणून भोक साफ करायला डीटीएच बेधडक उचलावा, टॉप हॅमर उचलताना आधी ठोका बंद करावा. मात्र डीटीएचला अर्धवट टेकवून चालवणं हेही वाईटच. बिट उसळत राहतं आणि बिट अडकवून ठेवणाऱ्या रिंगा व शँकचा खांदा ठोकून ठोकून मोडतो. तो मोडला की बिट भोकातच राहतं.

किती वजन द्यायचं? डीटीएचला भोकाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण ९ ते १० किलो, म्हणजे १६५ मिमीला दीड टन. पाइप मीटरला १५ किलो धरला तर १०० मीटरवर पाइपांचं वजनच तेवढं होतं. तिथून पुढे खाली दाबायचं नाही, वरून तोलून धरायचं. हे विसरलं की फिरणं अडखळतं आणि चकचे दात झिजतात.

फिरण्याचा वेग: तत्त्व एक, आकडे दोन

प्रत्येक ठोक्यानंतर बिट इतकं फिरायला हवं की बाहेरच्या रांगेतलं बटण नव्या जागी, साधारण ८ ते १० मिमी पुढे पडेल. टॉप हॅमरचं ७६ मिमीचं बिट मिनिटाला ३,००० ठोके आणि १०० फेरे घेतं, तेव्हा फेऱ्याला ३० ठोके पडतात आणि बटण ८ मिमी सरकतं. १६५ मिमीच्या डीटीएचला मिनिटाला १,५०० ठोके मिळतात. त्याला हेच अंतर ३० फेऱ्यांत मिळतं.

आता टॉप हॅमरवर हात बसलेला माणूस डीटीएचला ८० फेऱ्यांनी पळवतो. बटण ठोक्यागणिक २७ मिमी ओढलं जातं, दगड फोडण्याऐवजी दगडावर घासतं आणि बाहेरच्या रांगेवर लवकरच सपाट चकत्या दिसू लागतात. फार हळू फिरवलं तर बटण जुन्याच खळग्यात पडतं, चुरा पीठ होऊन येतो आणि भोकाचा वेग घटतो. डीटीएचची कसोटी सोपी: एका फेऱ्यात भोक साधारण १० मिमी खाली गेलं पाहिजे. तासाला २० मीटर जात असाल तर ३३ फेरे. दगड कठीण लागून वेग १२ मीटरवर आला की फेरेही २० वर आणायचे.

घासण आणि ठोक्याची झीज

बिट हातात घेतल्यावर दोन वेगळ्या खुणा शोधायच्या. घासणीची झीज डोळ्याला दिसते: गोल बटणाचं टोक सपाट होतं. सपाट चकतीचा व्यास बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की धार लावायची. १६ मिमीच्या बटणावर ही मर्यादा ५ मिमीच्या जरा पुढे येते. यापुढे चालवलं तर बटण दगडात रुतत नाही, सगळा ठोका कार्बाइडमध्येच परततो.

ठोक्याची झीज इतकी उघड नसते. बटण गोलच राहतं, वर चकाकी येते आणि भिंगाखाली सापाच्या कातीसारखं बारीक भेगांचं जाळं दिसतं. ठोक्याला तापणं आणि हवेने वा पाण्याने थंड होणं, हे लाखो वेळा झाल्यावर कार्बाइडचा वरचा थर थकतो. क्वार्ट्झ भरपूर असलेल्या दगडात ही कात टिकतच नाही, कारण घासण ती रोज पुसून टाकते. नाशिकचा बेसॉल्ट कठीण आणि चिवट आहे, पण त्याच्या मूळ पिंडात क्वार्ट्झ जवळजवळ नाही. त्यामुळे आपल्याकडे चकती उशिरा पडते आणि कात आधी धरते. ‘बटणं अजून गोल आहेत’ म्हणून बिट चालू ठेवणं ही आपल्या भागातली सगळ्यात नडणारी सवय आहे. भेग खोल गेली की बटण फुटतं, त्याचा तुकडा भोकाच्या तळाशी राहतो आणि उरलेल्या बटणांना फोडतो. इथे चकतीची वाट न बघता ठरावीक मीटरनंतर वरचा थर घासून काढावा. किती मीटर, ते पहिल्या दोन-तीन बिटांवर भिंगाने बघून ठरतं.

त्यात आपला दगड थरांचा. अखंड काळ्या पाषाणाखाली पोकळ्यांचा, पांढऱ्या झिओलाइटने आणि कॅल्साइटने भरलेला खडक लागतो, मध्येच लाल गेरूचा पट्टा. पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणींतले झिओलाइट स्फटिक संग्राहकांना ठाऊक आहेत. बिटाला मात्र ते जाचतात, कारण एका बाजूची बटणं मऊ भागात आणि दुसऱ्या बाजूची पाषाणावर पडतात, सगळा ठोका तीन-चार बटणांवर येतो. असा थर लागला की दाब आणि फेरे दोन्ही उतरवावेत. गेरूत बिटाची हवेची छिद्रं चिकट मातीने बुजतात. तिथे थोडं पाणी सोडावं लागतं, आणि पाणी हॅमरमधलं तेल धुऊन नेतं. तेल एरवी दर १०० सीएफएमला तासाला १६० मिलिलिटर लागतं, पाणी सोडल्यावर ते वाढवायचं. पाइप जोडताना बिटासमोर लाकडाची फळी धरून फुंकावं. तिच्यावर तेलाचा ओलावा दिसला नाही, तर पिस्टन कोरडा चालला आहे.

धार लावताना आणि बदलताना

बटणाला डायमंड कपने, म्हणजे हिऱ्याच्या कणांच्या वाटीसारख्या घासणीने, पाण्याच्या धारेखाली धार लावावी. कोरडं घासलं तर त्याच उष्णतेने नव्या भेगा पडतात. बटणाभोवतीचं पोलादही थोडं खाली घ्यावं म्हणजे बटण पुरेसं वर राहतं. जॅकहॅमरच्या पहारीला बटणं नसून कार्बाइडची पट्टी असते, तिचा कोन ११० अंश ठेवायचा. या पहारींचा संच लांबीबरोबर बारीक होत जातो: ०.८ मीटरची ३४ मिमी, १.६ मीटरची ३३, २.४ मीटरची ३२. कारण पहिलीने केलेलं भोक तिच्या झिजेमुळे खाली निमुळतं होतं आणि दुसरी त्यात अडकू नये.

बोअरमध्येही हेच तत्त्व, पण तिथे ते पाळलं जात नाही. १२० मीटरवर बिट १६२ मिमी उरलं म्हणून वर काढलं आणि १६५ चं कोरं बिट सोडलं, तर ते अरुंद भोकात बाहेरच्या बटणांवर अडतं. बटणं कडेने तडकतात किंवा हॅमरच अडकतो. बोअर सुरू करताना जास्त मापाचं बिट लावावं, झिजलेली पण धार लावलेली बिटं खालच्या टप्प्यासाठी मापानुसार लावून ठेवावीत. आणि नवं बिट बसवण्याआधी चकचे दात बोटाने चाचपावेत. दात एका बाजूने धारदार झाले असतील तर चकही त्याच वेळी बदलावा, नाहीतर नव्या शँकचे दात पहिल्याच बोअरमध्ये खाल्ले जातात.