एकनिष्ठ फुटबॉलपटू

गोल आणि करंडकांपेक्षा स्वभाव, क्लबवरील निष्ठा आणि मैदानावरील मेहनत यांसाठी मान मिळवणाऱ्या फुटबॉलपटूंचा एक वर्ग चाहत्यांनी मनोमन ठरवून टाकलेला आहे. त्याची अधिकृत व्याख्या नाही आणि सर्वमान्य यादीही नाही. सगळी व्यावसायिक कारकीर्द एकाच क्लबकडून खेळलेला खेळाडू यात सर्वांत आधी धरला जातो. पण चार-पाच क्लब फिरलेला कष्टाळू मध्यरक्षक आणि पंचांनी दिलेली पेनल्टी नको म्हणणारा आघाडीवीर यांनाही त्याच पंगतीत बसवले जाते. वस्तुतः हे तिन्ही गुण एका माणसात क्वचितच एकत्र येतात. त्यातला एक दिसला की उरलेले दोन चाहते पदरचे जोडतात, आणि या विषयावरचे निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

निष्ठेचे मोल ठरवताना आधी पाहावे लागते, की खेळाडूला क्लब सोडण्याची मुभा होती का. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात ती नव्हती. इंग्लंडमध्ये करार संपल्यावरही क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे राखू शकत असे. क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. शिवाय पगाराला कमाल मर्यादा होती. प्रेस्टन नॉर्थ एंडचा टॉम फिनी हे याचे ठळक उदाहरण. १९५२ मध्ये इटलीतील पालेर्मो क्लबने त्याला १०,००० पौंड रोख, महिन्याला १३० पौंड, राहायला बंगला आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनमध्ये त्याला तेव्हा आठवड्याला १४ पौंड मिळत होते. क्लबच्या अध्यक्षांनी परवानगी नाकारली आणि विषय तिथेच संपला. फिनी १९६० पर्यंत प्रेस्टनकडूनच खेळला, लीगमध्ये ४३३ सामन्यांत १८७ गोल केले आणि जोडीला स्वतःचा नळजोडणीचा व्यवसायही चालवला. पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिली नाही. १९५६ मध्ये चेल्सीच्या मैदानावर साचलेल्या पाण्यातून चेंडू घेऊन जाताना त्याच्या दोन्ही बाजूंना उडालेले फवारे एका छायाचित्रकाराने टिपले; त्यावरून घडवलेला पुतळा प्रेस्टनच्या मैदानाबाहेर आहे. फिनीच्या सज्जनपणाबद्दल कुणाला शंका नाही. मात्र त्याच्या एकनिष्ठपणात स्वेच्छा किती आणि सक्ती किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली. कमाल पगाराची मर्यादा १९६१ मध्ये उठली. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात, खेळाडूला अडकवून ठेवणारी पद्धत अवाजवी असल्याचे इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटले. निर्णायक घाव पडला तो १५ डिसेंबर १९९५ रोजी. बेल्जियमच्या झाँ-मार्क बोसमानच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने, करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे ट्रान्सफर फीशिवाय जाता येईल, असा निकाल दिला. त्यानंतर एकाच क्लबकडे वीस वर्षे राहणे ही खऱ्या अर्थाने निवड झाली. ती करणारे थोडे उरले, म्हणून त्यांचे अप्रूपही वाढले.

मिलानचा पाओलो माल्दिनी हे यातले सर्वांत मोठे नाव. जानेवारी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी पहिला सामना, २००९ मध्ये निवृत्ती, मधल्या काळात क्लबसाठी ९०२ सामने, सात लीग विजेतेपदे आणि पाच युरोपीय चषक. वडील चेझारे यांनी १९६३ मध्ये मिलानचे कर्णधार म्हणून जो चषक उचलला, तो मुलाने कर्णधार म्हणून २००३ मध्ये उचलला. रोमाचा फ्रान्चेस्को तोत्ती १९९३ ते २०१७ या काळात ७८६ सामने खेळला आणि त्याने ३०७ गोल केले. लीगचे विजेतेपद मात्र त्याला एकदाच, २०००-०१ च्या मोसमात मिळाले. दोघांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात, पण तोत्तीचे राहणे अधिक महागाचे होते. ज्या घरात दर दोन-तीन वर्षांनी करंडक येतो तिथे राहायला फारसा त्याग लागत नाही. मिलानमध्येच माल्दिनीच्या आधीचा कर्णधार फ्रांको बारेझी याची निष्ठा याच कसोटीवर सरस ठरते. बेटिंग प्रकरणात १९८० मध्ये मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. वर आलेला संघ १९८२ मध्ये खराब खेळामुळे पुन्हा खाली गेला. ऐन उमेदीतला बारेझी दोन्ही वेळा क्लबमध्येच राहिला. सोन्याचे दिवस त्यानंतर आले.

संघ खालच्या श्रेणीत जाण्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. ती सर्वांत नाट्यमय रीतीने घेतली गेली २००६ मध्ये, युव्हेंटसच्या बाबतीत. ९ जुलैला बर्लिनमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला; अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना युव्हेंटसचे खेळाडू होते. पाचच दिवसांनी, पंचांच्या नेमणुकांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात क्रीडा न्यायाधिकरणाने युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणीत उतरवले. कॅनाव्हारो आणि एमर्सन रेआल माद्रिदला, झांब्रोत्ता आणि थुराम बार्सेलोनाला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटरला गेले. गोलरक्षक जानलुईजी बुफॉन, कर्णधार अलेस्सांद्रो देल पिएरो आणि कामोरानेझी हे ताजे विश्वविजेते, २००३ चा बॅलन डी'ओर (वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता पावेल नेदवेद आणि फ्रान्सचा दाविद त्रेझेगे मात्र थांबले. सप्टेंबरमध्ये त्यांचा दुसऱ्या श्रेणीतला पहिला सामना झाला तो रिमिनी या छोट्या क्लबच्या मैदानावर, आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला. नऊ गुणांची वजावट सोसूनही युव्हेंटस त्या श्रेणीत पहिले आले. देल पिएरोने सर्वाधिक २० गोल केले. जे गेले त्यांना दोष देणे सोपे आहे. पण व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द जेमतेम पंधरा वर्षांची असते आणि त्यातले एखादे वर्षही हातचे घालवणे परवडत नाही. म्हणूनच जे थांबले त्यांचे थांबणे मोठे.

लहान क्लबांत निष्ठेचा रंग निराळा असतो. साउदम्प्टनचा मॅट ल टिसिए १९८६ ते २००२ या काळात तिथेच खेळला, पेनल्टीवर ४८ पैकी ४७ गोल केले आणि एकही मोठा करंडक न जिंकता निवृत्त झाला. मे २००१ मध्ये क्लबच्या जुन्या ‘डेल’ मैदानावरील अखेरच्या लीग सामन्यात आर्सेनलविरुद्धचा विजयी गोल त्यानेच केला. पण तो मैदानभर धावणाऱ्यांतला मुळीच नव्हता. उलट आळशी म्हणूनच त्याची ख्याती होती, आणि चाहत्यांनी ते हसत खपवून घेतले. स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब तर बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे फुटबॉलमध्ये घडलेले खेळाडूच घेतो, आणि तरीही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो कधी खाली गेलेला नाही. २०१५ पासून हा क्लब एकाच क्लबशी नाते राखणाऱ्या, बाहेरच्या खेळाडूंना खास पुरस्कार देतो. पहिला मानकरी ल टिसिए होता. पुढे माल्दिनी, जर्मन गोलरक्षक सेप मायर, बार्सेलोनाचा कार्लेस पुयोल आणि सेल्टिकचा बिली मॅकनील यांना तो मिळाला. २०१९ पासून महिला खेळाडूंचाही असा गौरव होऊ लागला.

मेहनतीचा मान निष्ठेवर अवलंबून नसतो. एन्गोलो कांतेने अनेक क्लब बदलले, पण त्याच्याबद्दल वाईट बोलणारा चाहता सापडणे मुश्कील. पॅरिसजवळच्या सुरेन या हौशी क्लबमधून तो बुलोन, काँ असा एकेक पायरी चढत २०१५ मध्ये लेस्टरला पोहोचला. लहानखुऱ्या चणीमुळे मोठ्या क्लबांच्या अकादमींनी त्याला आधी घेतले नव्हते. २०१६ मध्ये लेस्टर आणि २०१७ मध्ये चेल्सी अशा दोन वेगळ्या संघांकडून लागोपाठ इंग्लंडची लीग आणि २०१८ मध्ये फ्रान्सकडून विश्वचषक त्याने जिंकला. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याने व्यापला आहे आणि उरलेला कांतेने, हा विनोद त्याच काळातला. त्याचा लेस्टरमधील सहकारी जेमी वार्डी मात्र राहिला. वैद्यकीय आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करत तो खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत असे. २०१२ मध्ये लेस्टरला आला, २०१६ मध्ये आर्सेनलला नकार दिला आणि २०२५ मध्ये क्लबसाठीच्या ५०० व्या सामन्यात २०० वा गोल करून निरोप घेतला.

सहनशक्तीची कथा निघाली की बर्ट ट्रॉटमन टाळता येत नाही. हा जर्मन छत्रीधारी सैनिक युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आला आणि तिथेच राहिला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला गोलरक्षक म्हणून घेतले तेव्हा हजारो लोकांनी निदर्शने केली; नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले, शहरातील ज्यू धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान यांनी मात्र एका माणसाला साऱ्या राष्ट्राच्या पापाची शिक्षा देऊ नये, अशी जाहीर भूमिका घेतली. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात १७ मिनिटे उरलेली असताना ट्रॉटमनची बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीशी टक्कर झाली. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, म्हणून मान धरून तो तसाच खेळत राहिला आणि सिटीने सामना ३-१ असा जिंकला. मानेचा मणका मोडल्याचे क्ष-किरण तपासणीत कळले ते काही दिवसांनी. आजच्या वैद्यकीय नियमांत असे खेळणे बसणार नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रामाणिकपणाचे प्रसंग क्षणभराचे असतात, पण लोक ते दशकानुदशके सांगत राहतात. मार्च १९९७ मध्ये आर्सेनलविरुद्ध पेनल्टी मिळताच लिव्हरपूलचा रॉबी फाउलर, आपल्याला गोलरक्षकाने पाडलेले नाही, असे पंचांना हातवारे करून सांगू लागला. पंच बधले नाहीत. फाउलरने पेनल्टी घेतली, आर्सेनलचा गोलरक्षक सीमन याने ती अडवली आणि परत आलेला चेंडू मॅकअ‍टीरने जाळ्यात मारला. म्हणजे प्रामाणिकपणाही झाला आणि गोलही झाला. मिरोस्लाव क्लोजेला इतके स्वस्तात पडले नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये लात्सिओकडून नापोलीविरुद्ध सुरुवातीलाच केलेला गोल हाताने झाल्याचे त्याने पंचांना सांगितले. गोल रद्द झाला आणि लात्सिओ ०-३ हरले.

एका कृतीवरून सगळा माणूस जोखण्यातला धोका पाओलो दी कानिओमुळे कळतो. डिसेंबर २००० मध्ये एव्हर्टनचा गोलरक्षक जमिनीवर विव्हळत असताना, समोर मोकळा गोल असूनही वेस्ट हॅमच्या दी कानिओने आलेला चेंडू हाताने झेलून खेळ थांबवला. त्याबद्दल त्याला फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. त्याच माणसाने १९९८ मध्ये पंचांना ढकलून पाडल्याबद्दल ११ सामन्यांची बंदी भोगली होती, आणि २००५ मध्ये लात्सिओच्या चाहत्यांना फॅसिस्ट सलाम केला. याउलट आर्सेनलचा टोनी अ‍ॅडम्स. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या या कर्णधाराने पुढे व्यसन सोडले आणि २००० मध्ये व्यसनाधीन खेळाडूंसाठी मदत संस्था काढली. २००२ मध्ये तो निवृत्त झाला, तोवर एकाच क्लबला ६६९ सामने देऊन झाले होते.

कर्णधाराच्या मोठेपणाचा दाखला म्हणून २८ मे २०११ चा दिवस हटकून दिला जातो. बार्सेलोनाचा एरिक अबिदाल याच्या यकृतातील गाठ मार्चमध्ये शस्त्रक्रियेने काढली होती. मेअखेर तो वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना पूर्ण ९० मिनिटे खेळला. चषक घ्यायची वेळ आली तेव्हा पुयोलने कर्णधाराची दंडपट्टी त्याच्या हातावर चढवली आणि चषक आधी त्याला उचलायला लावला. पुढच्याच वर्षी रायो व्हायेकानोविरुद्ध ७-० अशा विजयात गोलनंतर नाचणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना पुयोलने ओढून बाजूला केले. हरणाऱ्यासमोर नाचू नये, इतकाच त्याचा मुद्दा होता.

काही खेळाडूंची बांधिलकी क्लबच्या पलीकडे जाते. ब्राझीलच्या कोरिंथियान्स क्लबमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर सोक्रातेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लबचे निर्णय मतदानाने घेण्याची पद्धत रुजवली. कर्णधाराचे आणि किट सांभाळणाऱ्याचे मत सारखेच मोजले जाई. देशात तेव्हा लष्करी राजवट होती. राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मंजूर झाली तर आपण इटलीला जाणार नाही, असे त्याने १९८४ मध्ये साओ पाउलोच्या सभेत जाहीर केले. दुरुस्ती फेटाळली गेली आणि तो फिओरेन्तिनाला गेला. इंग्लंडमध्ये २०२० च्या जूनमध्ये २२ वर्षांच्या मार्कस रॅशफर्डने खासदारांना पत्र लिहून गरीब मुलांचे शालेय जेवण सुट्टीतही चालू ठेवायला सरकारला भाग पाडले. सादिओ मानेने सेनेगलमधील आपल्या बांबाली गावात शाळा आणि रुग्णालय बांधून दिले.

भारतात हौशी फुटबॉलच्या काळात निष्ठेचे गणित नोकरीवर बेतलेले होते. शैलेन मन्ना १९४२ पासून १९ वर्षे मोहन बागानकडून खेळले. पोटापाण्यासाठी ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी करत. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. प्रदीप कुमार बॅनर्जी तर कोलकात्यातील बड्या तीन क्लबांपैकी एकाकडूनही खेळले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेत राहिले, आणि १९५८ मध्ये त्या संघाने कोलकाता लीग जिंकली.

क्लबने खेळाडूशी किती निष्ठा राखली, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. इंग्लंडमध्ये साधारण दहा वर्षे सेवा केलेल्यासाठी खास सामना भरवून त्याचे उत्पन्न खेळाडूला देण्याची जुनी रीत आहे. २००२ मध्ये संडरलंडच्या नायल क्विनने ती सारी रक्कम मुलांच्या रुग्णालयांना देऊन टाकली. पण २०१२ मध्ये देल पिएरोचा करार युव्हेंटसने वाढवला नाही. २०२१ मध्ये लिओनेल मेस्सीला बार्सेलोनात राहायचे होते, तरी लीगच्या पगारमर्यादेत त्याचा करार बसवणे कर्जात बुडालेल्या क्लबला जमले नाही. चाहतेही नेहमी कृतज्ञ असतात असे नाही. २४ मे २००९ रोजी माल्दिनी सान सिरोवर शेवटचा सामना खेळून मैदानाला फेरी मारत असताना मिलानच्याच कट्टर समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या घालून त्याची हुर्यो उडवली, त्याच्याविरुद्ध फलकही झळकावले. त्यांच्याशी त्याचे जुने वाद होते. आठवड्याने त्याचा अखेरचा लीग सामना फ्लॉरेन्समध्ये झाला, आणि तिथे फिओरेन्तिनाच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.