'काहीच घडत नाही' म्हणे!

शाळकरी मैत्रीवरच्या ॲनिमेबद्दल, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांबद्दल, एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'त्यात काहीच घडत नाही, पोरी नुसत्या चहा पितात नि केक खातात.' रोख बहुतेक वेळा 'के-ऑन!'वर असतो. क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओची, नाओको यामादा दिग्दर्शित ही मालिका २००९ची; शाळेच्या संगीत क्लबात बँड चालवणाऱ्या मुलींची.

चहा-केक आहे, भरपूर आहे (बघताना भूक लागते). पण काळही सरकत असतो. पहिल्या पर्वाच्या डझनभर भागांत शाळेची दोन वर्षं उरकतात. २०१०च्या दुसऱ्या पर्वात मात्र एकटं शेवटचं वर्ष वीसहून अधिक भाग घेतं. निरोप जवळ येईल तसा वेळ मुद्दाम ताणलेला. बँडमधल्या चौघी शाळेतून बाहेर पडणार, एक वर्षाने धाकटी अझुसा मागे राहणार, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून साधा चहाही बोचतो. गोष्ट आहे ती हीच.

खरी खोट वेगळीच. आईवडील जवळपास गायब. चौघींतल्या युईला महागडी गिटार परवडत नाही, तर दुकान नेमकं मैत्रिणीच्या घरचं निघतं! आणि शेवटी चौघींना प्रवेश मिळतो तो एकाच विद्यापीठात. नावं ठेवायचीच तर या सोयीस्करपणाला ठेवा.