सत्तर किलोचा काटा आणि प्रशिक्षकाची खुर्ची

राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जिल्ह्याचा कुमार संघ साखळी फेरीतच गारद झाला की रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत कबड्डीवाल्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, प्रशिक्षक बदला. दुसरा म्हणतो, नव्या पोरांना खेळवलंच नाहीत तर कुठलाही प्रशिक्षक आणा, फरक पडायचा नाही. हा वाद दोन्ही बाजू समजतात त्यापेक्षा जुना आहे, आणि त्याचं मूळ खुर्चीवर बसणाऱ्या माणसात कमी, वजनकाट्यात जास्त आहे.

फार मागे जायचं कारण नाही. हुतूतूची कबड्डी कशी झाली, १९३६ साली अमरावतीच्या चमूने बर्लिनमध्ये प्रात्यक्षिक कसं दाखवलं, १९९० पासून आशियाई स्पर्धेत खेळ कसा आला, हे सगळ्यांना पाठ आहे. आजच्या भांडणाला लागणारा काळ २०१४ पासूनचा.

त्याआधी कोकणात 'प्रशिक्षक' नावाचं वेगळं पद गावपातळीवर जवळपास नव्हतंच. भात कापून झालं की मळ्यातला एखादा सपाट तुकडा साफ करायचा, खडे हाताने वेचायचे, संध्याकाळी पाणी मारून सकाळी रूळ फिरवायचा, फक्कीने रेषा मारायच्या. मंडळाचा जुना कोपरारक्षक, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा, तोच शिकवणारा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तो आधी कोपऱ्यात उभा करत नसे. दोन मध्यरक्षकांच्या आधाराने आत उभा करायचा, साखळीत हात धरून सरकायला लावायचा आणि अख्खा हंगाम चढाई करू द्यायचा नाही. पोरगं कंटाळायचं, पण चढाईपटूभोवती साखळी कधी मिटायची आणि हात कधी सोडायचा हे अंगात मुरायचं. शिमग्याला चाकरमानी आले की त्यांच्या मुंबईच्या मंडळाविरुद्ध सामना, ती परीक्षा.

२०१४ मध्ये व्यावसायिक लीग टीव्हीवर आली आणि मोठ्या स्पर्धा एकेक करत मॅटवर गेल्या. मातीवर चढाईपटू झटक्यात वळला तर पाय घसरतो, पकडीला तेवढा अर्धा क्षण जास्त मिळतो. मॅटवर बुटाची पकड पक्की, वळण जागच्या जागी होतं, त्यामुळे साखळी आधी मिटावी लागते. मातीत गुडघ्यावर घसरत जाऊन घोटा धरायची जी कोकणी सवय, तिने मॅटवर कातडी सोलते. उलट, बूट मॅटला चिकटलेला असताना बाजूने धडक बसली तर गुडघा पिरगळतो. मॅट म्हणजे मीटरभर लांबी-रुंदीचे, एकमेकांत अडकणारे तुकडे. १३ बाय १० मीटरच्या मैदानालाच असे १३० लागतात, बाहेरची मोकळी जागा वेगळी. पावसाळ्यात ते दमट खोलीत एकावर एक रचून ठेवले की कडा वाकतात आणि जोड उघडे राहतात. बहुतेक गावांकडे मॅट नाहीच. पोरगं वर्षभर मातीत खेळतं आणि मोठ्या सामन्याच्या तोंडावर बूट घालतं. पहिल्या सामन्यात त्याची घोटापकड उशिरा पडते, आणि बाहेरचे ओरडतात, शिकवलंय काय?

आता 'कुमार' या शब्दाकडे, कारण निम्मं भांडण त्याच्याभोवती आहे. संघटनेच्या भाषेत कुमार म्हणजे वीस वर्षांखालचा, आणि बरीच वर्षं ज्याचा काटा ७० किलोवर थांबतो तो. त्याखालचा किशोर गट सोळा वर्षांचा, त्याचं वजन ५५ किलोच्या आसपास फिरत राहिलं. शाळेची शिडी निराळी: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. गावच्या मंडळांच्या स्पर्धेत तर वयाचा दाखला कुणी मागतच नाही, तिथे कुठे ५५ किलो, कुठे ६० किलो, आणि बाकी सगळा खुला गट. त्यामुळे 'कुमारांना संधी द्या' म्हणताना एकाच्या डोळ्यांसमोर सतरा वर्षांचं बासष्ट किलोचं पोरगं असतं, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर साडेएकोणीस वर्षांचा, दाढी आलेला, काट्यावर चढण्यापुरता ७० किलोचा गडी. नियमाने दोघंही कुमार. वर्षानुवर्षे निवड होत आली ती दुसऱ्याची.

कारण सरळ आहे. किशोर गटात मैदान ११ बाय ८ मीटर आणि खेळ पंधरा-पंधरा मिनिटांचा. कुमार गटात मैदान १३ बाय १० आणि वीस-वीस मिनिटं. क्षेत्रफळ ८८ चौरस मीटरवरून १३०, म्हणजे जवळजवळ दीडपट. किशोर गटात नाव काढलेला चढाईपटू वर आला की त्याला बोनस रेषाच लांब वाटते. कुमारांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर असते आणि तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटर उरतात. तेवढ्यात दोन्ही कोपरे टपून असतात. बोनसच्या जादा गुणासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवायचा, तोही समोर सहा किंवा सात जण असतानाच. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे जमायला दीड-दोन हंगाम लागतात. जिल्ह्याला मात्र निकाल याच स्पर्धेत हवा असतो.

म्हणून मग ७४ किलोचा गडी ७० वर आणला जातो. प्रकार ठरलेला: चार दिवस आधी भात-मीठ बंद, दोन दिवस आधी पाणी घोटभर, शेवटच्या रात्री अंगात प्लास्टिकचा रेनकोट चढवून धावणं, चिंच चघळत थुंकणं. काट्यावर आकडा बरोबर येतो. पण शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दम कमी पडू लागतो, आणि इथे चार किलो म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त गेलेलं असतं. वजन झाल्यावर दोन तासांत पाणी पिऊन ते भरून येत नाही. पूर्वार्धात सगळं ठीक दिसतं. मध्यंतरानंतर आठ-दहा मिनिटांनी पोटरीत गोळा येतो, डावा कोपरा एक पाऊल मागे राहतो, आणि आघाडीवर असलेला संघ लोण खातो, म्हणजे सगळेच्या सगळे बाद. गॅलरीतून दिसतं ते एवढंच की उत्तरार्धात डावपेच बदलले नाहीत. प्रशिक्षक नालायक.

खरंच वजन उतरवायचं असेल तर सात-आठ आठवडे आधीपासून, आठवड्याला अर्धा किलो. पाणी तोडायचं नाही. काट्यानंतर लगेच लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. वर आमसुलाचं सरबत चालेल. नुसतं साधं पाणी भसाभसा पिणं हीच सगळ्यात मोठी चूक. पण सात आठवडे आधी म्हणजे भर पावसात, जेव्हा मैदानं चिखलात असतात आणि निवड चाचणी व्हायची असते. कोण निवडला जाणार हेच ठरलेलं नसताना वजन कुणाचं उतरवायचं?

जिल्हा प्रशिक्षकाच्या हातात संघ येतो चाचणीनंतर, बहुतेकदा आठ-दहा दिवसांच्या सरावासाठी. बारा जण, आठ मंडळांचे. एकाला उजवा कोपरा येतो पण पलीकडच्या मंडळाच्या मध्यरक्षकाचा इशारा कळत नाही. एवढ्या दिवसांत साखळी बसवता येते, पोरगं घडवता येत नाही. त्याला जाब विचारावा तो त्याच्या हातात असलेल्या गोष्टींचा: बदली खेळाडू कधी उतरवले, टाइमआउट कशावर घालवला, तिसरी चढाई कुणाला दिली.

ही तिसरी चढाई नव्या पोरांना फार महाग पडते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर बाद. चाळीस मिनिटांत तीस-तीस सेकंदांच्या हिशेबाने प्रत्येक संघाच्या वाट्याला चाळीसेक चढाया येतात. मुख्य चढाईपटू त्यातल्या सोळा-अठरा घेतो आणि तो बाद होऊ नये म्हणून तिसरी चढाई धाकट्याच्या माथी मारली जाते. समोर सात जण, सगळ्यांना माहीत की याला आत यावंच लागणार. तो पकडला जातो. बाद झालेले ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात, त्यामुळे संघ गुण घेईपर्यंत तो बाकावर. सामन्याच्या कागदावर त्याचा हिशेब चार चढाया, चार वेळा बाद असा दिसतो आणि पुढच्या निवडीत तोच कागद त्याच्याविरुद्ध दाखवला जातो.

वादात दोन उदाहरणं हमखास येतात. व्यावसायिक लीगच्या पहिल्या तिन्ही हंगामांत मुंबईचा संघ अंतिम फेरीत होता, २०१५ मध्ये जिंकला आणि पुढे ढेपाळला. पुण्याने तरुण पोरं धरून ठेवली आणि २०२४ च्या मार्चमध्ये विजेतेपद घेतलं. हे 'पोरं घडवा'वाल्यांचं. 'प्रशिक्षक बदला'वाले २०१८ ची जकार्ता काढतात: भारताच्या महिलांना अंतिम फेरीत हरवणाऱ्या इराणच्या प्रशिक्षक नाशिकच्या होत्या. उदाहरण खरं आहे, पण त्यांच्या हाती संघ वर्षभराहून अधिक काळ होता. आठ दिवसांचं शिबिर नव्हतं.

अलीकडे काही मंडळांतून मागणी येते की चाचणीच्या वेळचं वजन नोंदवावं आणि त्याहून दोन किलोपेक्षा जास्त उतरवून आलेल्याला त्या स्पर्धेपुरतं बाजूला ठेवावं. शिवाय बारांपैकी तीन जागा अठरा वर्षांखालच्यांना राखाव्यात. पहिल्या मागणीला विरोध कमी आहे. दुसरीला मोठ्या मंडळांचा विरोध आहे, कारण त्यांचे साडेएकोणीस वर्षांचे तीन गडी त्यामुळे घरी बसतात, आणि खेळाच्या कोट्यातल्या नोकरीसाठी लागणारं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळवायची त्यांची ती शेवटची संधी असते.